स्लो स्पीडवर खेळून जास्तच वाट लागली

परवा रात्री एज ऑफ एम्पायर्स टू या कॉम्प्युटर गेममध्ये रानडुकराने माझा व्हिलेजर (अन्न-लाकूड गोळा करणारा गावकरी) मारला. झालं असं की त्याला बाण मारून चिडवलं, तो मागे लागला, आता फक्त टाउन सेंटरकडे (गावाची मुख्य इमारत, व्हिलेजर तिथेच बनतात) पळायचं बाकी होतं, तेवढ्यात आतून आवाज आला दूध फ्रीजमध्ये ठेवलंस का, मी मान वळवून "हो" म्हटलं (ठेवलं नव्हतं) आणि परत बघतो तर गडी आडवा. आठ जणांच्या गावातला एक गेला म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळेल.

माझा मावसभाऊ स्टारक्राफ्ट टूवाला, म्हणजे तसाच पण बराच वेगवान लढाईचा गेम खेळणारा. तो म्हणतो, "दादा तुझा गेम म्हणजे शेती आहे, पेरा आणि वाट बघा." मी म्हटलं ये मग शेतावर. आणि वर शहाणपणा केला, स्पीड स्लोवर ठेवला. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (माझ्या गेमची नवी आवृत्ती) नॉर्मल म्हणजे १.७ पट असतं, स्लो म्हणजे १.०. एक व्हिलेजर बनायला गेममधले २५ सेकंद लागतात, म्हणजे नॉर्मलला घड्याळात जेमतेम १५, स्लोला पूर्ण २५. मला वाटलं चला, विचार करायला वेळ मिळेल.

कसला विचार! हातात वेळ आला की मी मोबाईल उचलतो. टाउन सेंटर दोन वेळा रिकामं बसलं, लाकूड साचून पडलेलं. आणि हा बाबा मिळालेल्या प्रत्येक सेकंदात दोन क्लिक जास्त मारतोय, त्याचे तिरंदाज बाण सोडतात, मागे सरकतात, परत सोडतात, जसं काही लेझीमच चाललंय. म्हणजे स्पीड मी माझ्यासाठी कमी केला आणि फायदा त्याचा झाला.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की घड्याळाच्या स्पीडवर सगळं नसतंच, चूक निस्तरायला किती वेळ मिळतो ते बघायला हवं. आमच्याकडे नाइटला (घोडेस्वार) १०० हेल्थ, हल्ला १०, समोरच्याचं चिलखत २ खातं, म्हणजे एका घावाला ८ आणि १३ घाव. अपग्रेड नसलेले दोन नाइट भिडले तर नॉर्मल स्पीडलाही बारा-तेरा सेकंद चालतं, तेवढ्यात हरतोय हे दिसतं, पळ काढता येतो, भालेवाले बोलावता येतात. त्याच्या स्टारक्राफ्टमध्ये बेनलिंग (बॉम्बसारखे फुटणारे किडे) घरंगळत येतात, फुटतात, आणि नजर दुसरीकडे असेल तर अख्खा मरीनचा (बंदूकवाले सैनिक) घोळका साफ. तिथे निस्तरणं वगैरे भानगड नाही, पुढच्या वेळी बघू.

२०१५ मध्ये स्टारक्राफ्ट टूचा लेगसी ऑफ द व्हॉइड हा भाग आला तेव्हा गेमवाल्यांनी सुरुवातीचे ६ कामगार १२ केले. भाऊ खूष, म्हणे कंटाळवाणा भाग उडाला. मला तोच भाग आवडतो यार, पहिल्या दोन-तीन मिनिटांत मेंढ्या शोधायच्या, स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) फिरवायचा, समोरचा काय करतोय याचा अंदाज बांधायचा, तो उडवला की मग उरते ती नुसती मारामारी. पण हेही खरं की डुक्कर मागे लागलेलं असताना मी शांतपणे अंदाज वगैरे काही बांधत नसतो.

पुढच्या शनिवारी तो म्हणतोय फास्टवर खेळू, २.०. मी म्हटलं चालेल, पण मॅप अरीना, जिथे गावाभोवती आधीपासूनच भिंत असते, त्या भिंतीसकट.