आम्ही मायोरीचे गाडीवाले: आमची वाटचाल

इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर हल्ली काळ्या काचांच्या व्हॅन इतक्या झाल्यात की इथला कोण आणि उपरा कोण, हे पाहुण्यांना कळत नाही. म्हणून आधीच सांगते: ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने देण्याचा आमचा परवाना याच किनाऱ्यावरच्या मायोरी नगरपालिकेचा, गॅरेज मायोरीत, आणि या रस्त्यावर आमच्या घरातली ही चौथी पिढी. मी मूळची दापोलीची, लग्न करून इथे आले. गाडी नवरा चालवतो; बुकिंग, हिशेब आणि भांडणं माझ्याकडे.

पणजेसासरे घोडागाडी हाकायचे. व्हिएत्रीच्या स्टेशनावर उतरलेले पाहुणे किनाऱ्याला आणायचे, जाताना मिळेल ते भाडं घ्यायचं. रस्ता हाच, बोर्बोन घराण्याच्या राजवटीत एकोणिसाव्या शतकात कड्यात कोरलेला, आजचा 163 नंबर. आंबेनळी घाट उचलून समुद्राच्या कडेला आडवा टाकावा, तसा.

आजेसासऱ्यांनी पहिली मोटार घेतली, जुनी फियाट. 25 ऑक्टोबर 1954 च्या रात्री पाऊस कोसळला आणि मायोरीची नदी रस्ता फोडून वर आली. सालेर्नो शहरापासून या पट्ट्यात तीनशेहून जास्त माणसं गेली. घरची माणसं वाचली, गाडी समुद्रात गेली. ‘गाडीच गेली ना’ असं कोणी म्हटलं की आजेसासरे उठून जायचे.

पुढे फियाटची 600 मुल्तिप्ला आली, तेव्हा त्यांनी ती हप्त्यावर उचलली. काय गाडी होती! इंजिन मागे, तीन रांगा, सहा माणसं आणि ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला. पुढे बॉनेट नाहीच, त्यामुळे आंधळ्या वळणावर समोरचं इतरांपेक्षा आधी दिसायचं. भरली की डोंगरावरच्या रावेल्लो गावाच्या चढाला हाशहुश करायची, तेवढं चालायचंच. तिचा भोंगा सासऱ्यांनी काढून ठेवलाय. महिन्यातून एकदा पुसतात, बॅटरीला लावून वाजवतात, शेजारी शिव्या देतात.

सासऱ्यांच्या हातात मर्सिडीज डिझेल आल्या, लिरा जाऊन युरो आला, मुलं शिकली, घरावर मजला चढला.

मग ते बाहेरचे व्हॅनवाले आले. नाव घेणार नाही. लांबच्या डोंगरातल्या कुठल्याशा गावाकडून स्वस्तात परवाने काढायचे आणि एप्रिल ते ऑक्टोबर गाड्या आमच्या किनाऱ्यावर उभ्या करायच्या. परवाना ज्या गावचा, गॅरेज त्या गावात, असं 1992 चा कायदा म्हणतो. म्हणू दे. ज्या हॉटेलच्या काउंटरवरून आजेसासऱ्यांपासून आम्हाला फोन यायचा, तिथे यांनी कमिशन दुप्पट केलं. फोन बंद. आमच्याकडून काही चुकलं का, एवढंही कोणी विचारलं नाही.

2019 ला सरकारने या लोकांना आवरायला नियम कडक केले: पुढचं बुकिंग गॅरेजमधून निघतानाच स्लिपवर नोंदलेलं नसेल तर भाडं संपल्यावर गाडी गॅरेजला परत आणा, मगच पुढचं भाडं. त्यात ते अडकले नाहीत, आम्ही अडकलो. नेपल्सच्या विमानतळावर एक कुटुंब सोडलं, तासाभराने तिथूनच ऐनवेळी ठरलेलं दुसरं उचलायचं, तरी मध्ये मायोरीपर्यंत रिकामी फेरी! ड्यूटी स्लिप भरून माझी बोटं दुखायची. इटलीच्या घटना न्यायालयाने ही परतीची अट रद्द केली. कधी? मार्च 2020 मध्ये, सगळा देश घरात बसलेला असताना. नवी आठ आसनी मर्सिडीज नुकतीच कर्जावर घेतली होती. सरकारने हप्ते पुढे ढकलले, माफ केले नाहीत.

आणि 2 फेब्रुवारी 2021 ला अमाल्फीत दरड कोसळली, रस्ताच तुटला. पाहुणे नव्हतेच, पेशंट होते, त्यांची औषधं होती. अमाल्फीपलीकडच्या पोझितानोला जायचं तर क्युंझीची खिंड चढून आंग्रीला उतरायचं, तिथून हायवेने सोरेन्तोच्या बाजूने वळसा. डिझेल निघालं तरी पुष्कळ. गाडी विकायची, असं एका रात्री ठरलं होतं. मी जाहिरातही लिहिली.

ती छापली नाही, त्याला कारण म्युनिकच्या एक पियानो शिकवणाऱ्या बाई. रावेल्लोच्या संगीत महोत्सवाला त्या सासऱ्यांच्या काळापासून येतात. कायम पुढची सीट, कायम खिडकी चार बोटं उघडी. हॉटेलने एकदा परस्पर त्या दुसऱ्यांची व्हॅन पाठवली, तर बाईंनी ती दारातून परत घालवली. रस्ता बंद असताना त्यांचं पत्र आलं, बरोबर पुढच्या दोन उन्हाळ्यांचं आगाऊ भाडं. खाली लिहिलं होतं, गाडी विकू नका, दुसऱ्या गाडीत मला उलटी होते.

उलटीवरून आठवलं. आपल्याकडचे ग्रुप येतात, भरपेट नाश्ता करून मागच्या सीटवर मोबाइल बघत बसतात आणि दुसऱ्या वळणावर काकू हिरव्या पडतात. पोट हलकं ठेवा, नजर समोर ठेवा, आलेपाक जवळ ठेवा. चार जणांमागे चार मोठ्या बॅगा आणू नका. स्वतः गाडी भाड्याने घेऊन चालवायची हौस करू नका. वळणात बस समोर आली की रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. त्यातून सीझनमध्ये बाहेरच्या गाड्यांना ठरावीक तारखांना दिवसा सम-विषम नंबरांचा नियम आहे. परवान्याच्या गाड्यांना तो लागू नाही. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणारा ड्रायव्हर दिसला तर खुशाल उतरा. आमच्याकडे दुसरा गिअर टाकतात.

जुलै 2024 पासून सालेर्नोच्या विमानतळावर प्रवासी विमानं उतरू लागली आहेत. मायोरीला ते नेपल्सपेक्षा जवळ. तिकीट काढताना आधी तिथलं मिळतं का बघा, गाडीभाडं कमी पडेल. हे मी आमचंच नुकसान करून सांगतेय, याची नोंद घ्यावी.