आमची वाटचाल : बिष्णुपूरचा होमस्टे आणि दुसऱ्या रात्रीचा धंदा

मी मूळची नागपूरची, महाल भागातली. सासर बिष्णुपूर, जिल्हा बांकुडा, पश्चिम बंगाल. इथे आम्ही घरातल्याच चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. आम्ही म्हणजे मी, नवरा, सासूबाई ज्यांना मी मा म्हणते, आणि सासरे म्हणजे बाबा, जे अजूनही याला धंदा म्हणायला तयार नाहीत. बऱ्याच जणांनी विचारलं की हे सगळं कसं सुरू झालं, चालतं का, परवडतं का, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

बिष्णुपूरचा मोठा प्रॉब्लेम असा की लोकांना हे एका दिवसाचं गाव वाटतं. कोलकात्याहून सकाळची रूपसी बांगला एक्स्प्रेस पकडायची किंवा गाडी करून दीडशे किलोमीटरच्या आसपास यायचं, टोटो ठरवायचा (बॅटरीवाली रिक्षा), रासमंच, जोडबांगला, श्यामराय, मदनमोहन ही मंदिरं बघायची, गावातल्या जुन्या तोफेबरोबर फोटो काढायचा, एक मातीचा घोडा घ्यायचा आणि संध्याकाळी परत. असं करणाऱ्याला खोली लागतच नाही, लागलीच तर एका रात्रीपुरती. आणि एका रात्रीच्या पाहुण्यात काही उरत नाही हो, चादरी धुवायच्या, बाथरूम घासायचं, बाजार करायचा, सगळं तेवढंच, आणि त्यात बुकिंग साइटचं कमिशन वेगळं. त्यामुळे आमची सगळी वाटचाल एका वाक्यात सांगायची तर पाहुण्याला दुसऱ्या रात्री थांबवायचं कसं, एवढीच आहे.

सुरुवात 2017 ची. घर मोठं, जुनं, मधे अंगण, वरच्या खोल्या रिकाम्या कारण काकासासरे सगळे दुर्गापूर-कोलकात्याला. नवऱ्याला बाहेरगावच्या नोकरीचा कंटाळा आला होता आणि त्याच वर्षी राज्य सरकारची होमस्टे पॉलिसी आली. मालकाने त्याच घरात राहायचं आणि जास्तीत जास्त सहा खोल्या द्यायच्या, असा साधारण हिशोब. आमच्या चारच निघाल्या, बाकी दोनमध्ये देव आणि धान्य. नगरपालिकेचं ट्रेड लायसन्स, जेवणासाठी एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद, हे सगळं नवरा बघतो. पैसा मात्र गेला तो बाथरूममध्ये. जुन्या घरात संडास अंगणापलीकडे असायचा, तो आता प्रत्येक खोलीला जोडून पाहिजे, आणि चुन्यात बांधलेल्या जाड भिंती फोडून पाइप न्यायचे म्हणजे गवंडीदादा रोज नवीन बजेट सांगायचे.

बाबांचं म्हणणं, घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, गावातले निम्मे लोक विद्यार्थी. पाहुण्यांना मंदिरांचा इतिहास ते तासन्‌तास सांगतात पण चेकआउटची वेळ झाली की बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडतात, बिल दिलं-घेतलं गेलं की मगच परत. पाहुणे विचारतात काकांना नमस्कार करायचाय, कुठे गेले? मी म्हणते येतील, मासे आणायला गेलेत. शाकाहारी पाहुण्यांनाही तेच सांगून झालंय.

आता दुसरी रात्र. आमच्या लक्षात आलं की कोलकात्याहून येणारे लोक पोचतात अकराच्या सुमाराला आणि ती वेळ मंदिरं बघायला सगळ्यात वाईट. इथे चांगला दगड नाही म्हणून इथल्या मल्ल घराण्याच्या राजांनी विटेची मंदिरं बांधली आणि भिंतीभर भाजलेल्या मातीच्या तक्त्या लावल्या, बोटभर जाडीचं कोरीव काम. डोक्यावरच्या उन्हात ते सगळं सपाट दिसतं. तेच सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं झालं की प्रत्येक आकृतीची सावली पडते आणि भिंतीतून माणसं बाहेर यायला लागतात. जोडबांगला 1655 चं, दोन झोपड्या एकमेकींना चिकटवाव्यात तसं छप्पर, त्यावर शिकार आहे, नावा आहेत, शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. श्यामराय 1643 चं, त्यात रासमंडलाचं गोल चक्र आहे ते तर बघतच बसावं. म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगायला लागलो की आल्या दिवशी दुपारी काही बघू नका, जेवा, झोपा. संध्याकाळी लालबांधाच्या बाजूला फिरा (हे बांध म्हणजे राजांनी खोदलेले तलाव, गावात असे सात), आणि मंदिरं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. म्हणजे एक रात्र आपोआप झालीच. रासमंचावर काढलेलं तिकीट मात्र फेकू नका, तेच पुढे जोडबांगला आणि श्यामरायला दाखवायचं असतं, अर्धे लोक तिथेच चुरगळून टाकतात.

पण खरं सांगू का, माणसं थांबली ती मंदिरांपेक्षा जेवणामुळे. आणि त्यातही गंमत म्हणजे शाकाहारी जेवणामुळे. मराठी शाकाहारी माणूस बंगालला यायचं म्हटलं की आधी थालीपीठाचं पीठ भरतो, मला माहितीये, माझी आईच भरते. आमच्या घरात आजेसासूबाई, ठाकुमा, यांची वेगळी चूल होती. जुन्या काळच्या विधवेचं जेवण, मासा नाही, मसूर नाही, कांदा-लसूण नाही, भांडी वेगळी. त्या रीतीवर मला जे म्हणायचंय ते मी घरात म्हणून झालंय, पण त्या चुलीवर त्या बाईने जे रांधलं त्याला तोड नव्हती. शुक्तो (कडवट मिश्र भाजी), केळफुलाचा घोंटो, हरभरा डाळीच्या वड्यांची धोकार डालना, फणसाची भाजी. मा हे सगळं त्यांच्याच हाताखाली शिकल्या. ठाकुमा गेल्यावर ते स्वैपाकघर तसंच होतं, आम्ही तिथे गॅस बसवला आणि शाकाहारी पाहुण्यांचं सगळं तिथेच करायला लागलो. जैन पाहुण्यांना बटाटा सोडून बाकी सगळं तयार असतं. हे एकदा तोंडोतोंडी पसरलं आणि पुण्या-मुंबईचे, अहमदाबादचे फोन सुरू झाले.

आणि पोस्तो! पोस्तो म्हणजे खसखस. आमच्याकडे नागपूरला खसखस म्हणजे सावजी रश्श्याच्या वाटणात चमचा-दोन चमचे, इथे वाटीच्या हिशोबाने. बांकुड्याचा माणूस दुपारी विउलीची डाळ (उडदाची, बडीशेप आणि आलं वाटून घातलेली) आणि आलू पोस्तो मिळाला की दुसरं काही मागत नाही. मा खसखस भिजवून पाट्या-वरवंट्यावरच वाटतात, मिक्सरला लावली तर ती फिरते, वाटली जात नाही असं त्यांचं मत आणि ते बरोबर आहे. थोडं थोडं पाणी शिंपडत, एक हिरवी मिरची घालून, लोण्यासारखी होईपर्यंत. मग कढईत सरसोंचं तेल, बटाट्याच्या लहान फोडी, वाटण, मीठ, झाकण. हळद नाही, मसाला नाही. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं तेल. पहिल्या घासाला मराठी पाहुणा बुचकळ्यात पडतो की याला चव आहे की नाही, दुसऱ्या वाढणीला भात मागतो. आणि त्यानंतर दुपारी जी झोप लागते ती लागते, चार वाजता उठून विचारतात आज परत निघणं जमणार नाही ना? मी म्हणते नाही जमणार.

फक्त खसखस किलोला हजाराच्या वर आहे. अफूचं पीक, लायसन्सशिवाय लावता येत नाही, बरीचशी तुर्कस्तानातून येते, भाव कधीही उडी मारतो. दरात जेवण धरलेलं असताना पोस्तो रोज ठेवायचा की नाही यावर माझं आणि मांचं मोठं भांडण झालं होतं. मा जिंकल्या. खोलीचा दर वाढवला, पोस्तो कमी नाही केला.

एक विषय मराठी पाहुण्यांचा, तो सांगितल्याशिवाय होणार नाही. गावात दलमादल नावाची भलीमोठी तोफ आहे. नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, इथले भास्कर पंडित, 1742 मध्ये फौज घेऊन बंगालवर आले तेव्हा गावची श्रद्धा अशी की स्वतः मदनमोहन देवाने ही तोफ डागून त्यांना पळवलं. बर्गी म्हणतात इथे मराठ्यांना, त्या स्वाऱ्यांत इथल्या गावांची लूट झाली, माणसं मेली, आणि अजून इथल्या आया पोरांना झोपवताना बर्ग्यांची भीती घालतात. आपल्या शाळेत हे धडे एवढे शिकवत नाहीत, त्यामुळे छाती फुगवून आलेला पाहुणा तोफेपाशी बाबांचं ऐकून जरा गप्प होतो. मग मी सांगते की मी भोसल्यांच्याच गावची. माझ्या लग्नात बाबांच्या मित्रांनी मांडवात ओरडून विचारलं होतं, चौथाई किती मागितली? अजून नागपूरचा फोन आला की मा विचारतात, बर्गी कितीजण आहेत, भात किती लावू.

दुसऱ्या दिवसाचं काम आम्ही पाँचमुडाला नेऊन करतो, वीस-पंचवीस किलोमीटरवर कुंभारांचं गाव. बांकुड्याचा तो उंच मानेचा घोडा इथला. एका कुंभारकाकांच्या अंगणात बसायचं, काही बोलायचं नाही, बघायचं. घोडा एकसंध घडवत नाहीत, चार पाय, धड, मान, तोंड सगळं चाकावर वेगवेगळं पोकळ फिरवतात, जरा सुकलं की ओल्या मातीने जोडतात, मग बोटाने आणि बांबूच्या पट्टीने नक्षी. भट्टीत फुटू नये म्हणून अंगाला भोकं ठेवतात. भट्टीचा धूर मोकळा सोडला तर घोडा लाल निघतो, तोंडं बंद करून कोंडला तर काळा. कान आणि शेपूट शेवटपर्यंत वेगळेच, नुसते खोचायचे, म्हणून घोडा प्रवासात टिकतो. कान काढून कपड्यात गुंडाळा असं मी प्रत्येकाला सांगते आणि तरी एक ठाण्याचे काका दोन्ही कान शर्टाच्या खिशात घालून खरगपूरपर्यंत गेले, गाडीत वाकले आणि एक गेला. कुंभारकाकांनी नुसता कान पाठवला कुरियरने, पैसे घेतले नाहीत, कुरियरचं बिल कानापेक्षा जास्त.

खरेदीवर मी कमिशन घेत नाही, हे ठरवून. टोटोवाले आणि काही गाइड एका ठराविक दुकानात नेतात, तिथे बालुचरी साडीच्या नावाखाली काहीही देतात. खरी बालुचरी बघायची तर मागावर बघा. जॅकार्डची भोकांची कार्डं वर फिरत असतात, खाली रेशमात महाभारतातले रथ आणि हुक्का ओढणारे नवाब उमटत असतात, एका साडीला आठवडा सहज जातो. मूळची मुर्शिदाबादकडच्या बालुचरची, तिकडे बंद पडली आणि गेल्या शतकात अक्षयकुमार दास वगैरे विणकरांनी बिष्णुपुरात पुन्हा उभी केली. मी पाहुण्यांना माग दाखवते, भाव त्यांनी करायचा. नवरा म्हणतो यात आपलं नुकसान आहे. असेल. पण साडीत फसलेली बाई पुन्हा कुणाला आमच्याकडे पाठवत नाही, हेही नुकसानच ना.

इथल्या फौजदार आडनावाच्या चित्रकार घराण्यातले दशावतारी ताश, म्हणजे पत्ते, मात्र बघाच. गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, एकशेवीस. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घासून, रंगवून केलेले. सावंतवाडीहून एक ताई आल्या होत्या, त्यांनी पत्ते हातात घेतले आणि थेट खेळायच्या गोष्टी सुरू केल्या, की आमच्या गंजिफात हा अवतार असा काढतात, तो तसा. रंगवणाऱ्या काकांना मराठी येत नाही, ताईंना बांगला येत नाही, मी दुभाषी, दोन तास गेले. त्या दोन रात्रींसाठी आलेल्या, चार राहिल्या. असे पाहुणे म्हणजे बाप्पा, दिवाळीच.

लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं ते सांगत बसत नाही, सगळ्यांचंच होतं. त्यानंतर बुकिंग साइटवरचं अवलंबणं मात्र कमी केलं. एका साइटने आम्हाला न विचारता डिस्काउंट लावला होता आणि फरक आमच्याच खिशातून कापला, कस्टमर केअरला फोन केला की गाणं वाजायचं. आता निम्म्याहून जास्त लोक जुन्या पाहुण्यांच्या ओळखीने येतात आणि त्यातले बहुतेक दोन रात्रींचंच बोलतात.

एप्रिल-मे जवळपास रिकामे जातात. बांकुड्याचं ऊन, चाळीसच्या वर. मला नागपूरवालीला त्याचं काही नाही पण पाहुण्यांना कोण सांगणार. त्या दिवसांत रंगरंगोटी, गाद्या, लोणची. आणि दुर्गापूजेत आम्ही खोल्या देत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे, तेव्हा दुप्पट दराने गेल्या असत्या, पण त्या खोल्या काकासासऱ्यांच्या, ते सगळे तेव्हाच येतात आणि अष्टमीला राजवाड्याजवळच्या मृण्मयी देवीच्या पूजेची तोफ वाजली की सगळं घर एकदम रस्त्यावर असतं. बाबांनी सुरुवातीला एवढी एकच अट घातली होती.

महाराष्ट्रातून यायचं तर गीतांजली किंवा आझाद हिंदने खरगपूरला उतरा, हावड्याला जाऊन उलटं येऊ नका, खरगपूरहून बिष्णुपूरची दुसरी गाडी मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिष्णुपूर मेला असतो, तेव्हाची खोली पूजेच्या आधी सांगून ठेवा. आणि मासे खाणार की निरामिष ते फोनवरच सांगा, कारण बाबा बाजाराला सहालाच निघतात आणि एकदा निघाले की फोन घरी ठेवून जातात.