होमलॅब नोंद: पॉलिसीचं टूल निवडताना वायर उपटून पाहिली

क्लस्टर तेच, मागच्या नोंदीतलं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले तीन सेकंड-हँड मिनी पीसी, प्रत्येकी 8 जीबी रॅम, वर के-थ्री-एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती; कुबरनेटीस म्हणजे कंटेनरमधली ॲप्स अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा). मुक्काम मुलुंडच्या घरात, चपलांच्या कपाटावर. या वेळी पॉलिसी (क्लस्टरमध्ये काय चालू द्यायचं याचे नियम) आणि सिक्युरिटी. आपल्या ग्रुपवर अधूनमधून वाद पेटतोच, हे नियम पाळायला लावणारं टूल म्हणून गेटकीपर घ्यायचं की कायव्हर्नो? मी म्हणतो, आधी घरात काय आहे ते बघा.

घरात म्हणजे कुबरनेटीसच्या पोटात. पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा सगळ्यात छोटा गट. जुनी पॉड सिक्युरिटी पॉलिसी 2022 मध्ये 1.25 आवृत्तीत काढून टाकली, त्याच आवृत्तीत पॉड सिक्युरिटी ॲडमिशन पक्कं झालं. इन्स्टॉल काही करायचं नाही, नेमस्पेसला (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) लेबल लावायचं: प्रिव्हिलेज्ड (सगळं मोकळं), बेसलाइन (उघड धोक्याच्या गोष्टींना बंदी) किंवा रिस्ट्रिक्टेड (सगळ्यात कडक). लेबलची कमांड आधी सर्व्हर-साइड ड्राय-रनने चालवा. बदल काहीच होत नाही, पण कोणता पॉड कोणत्या नियमात अडकेल याची यादी समोर येते. माझ्याकडे बेसलाइनला नोड-एक्सपोर्टर अडकला (मशीनची आकडेवारी गोळा करणारा; होस्टचं नेटवर्क, होस्टचे प्रोसेस, होस्टचे फोल्डर, त्याला सगळंच हवं) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं ॲप). दोघांना वेगळ्या प्रिव्हिलेज्ड नेमस्पेसमध्ये हलवलं. बाकी सगळे बेसलाइनवर, स्वतः लिहिलेली ॲप्स रिस्ट्रिक्टेडवर.

पण 'लेटेस्ट टॅगची इमेज नको' किंवा 'इमेज याच रजिस्ट्रीतून हवी' (इमेज म्हणजे ॲपचं तयार पॅकेज, रजिस्ट्री म्हणजे त्यांचं कोठार) हे त्या लेबलांना सांगता येत नाही. इथे बाहेरचं टूल लागतं. गेटकीपर ओपीएवर (ओपन पॉलिसी एजंट, नियम तपासणारं इंजिन) चालतं आणि नियम त्याच्या रेगो या भाषेत लिहायचे. रेगो वाईट नाही. ऑफिसात टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे कोडने उभे करणारं टूल) तपासायला ओपीए आधीच असेल तर डोळे झाकून गेटकीपर घ्या. पण रविवारी दुपारी चहा घेत लिहिलेला रेगो सहा महिन्यांनी मलाच वाचता येणार नाही. कायव्हर्नोचे नियम साध्या यॅमलमध्ये (कुबरनेटीसच्या नेहमीच्या सेटिंग फाइलींचं स्वरूप), म्हणून ते बसवलं. आधी ऑडिटवर (फक्त नोंद) ठेवलं, रिपोर्ट बघितले, मग एन्फोर्स (थेट नकार).

आता खरी परीक्षा. कायव्हर्नो आणि गेटकीपर दोन्ही वेबहुक आहेत, म्हणजे बाहेर बसलेले पहारेकरी. एपीआय सर्व्हर (क्लस्टरचं दार, प्रत्येक बदल इथूनच जातो) प्रत्येक वेळी त्यांना विचारतो. ते उत्तरच देत नसतील तर? कायव्हर्नोचा ॲडमिशन पॉड मुद्दाम एकच ठेवला आणि तो ज्या पीसीवर होता त्याची वायर उपटली. चालू पॉड्सना धक्का लागला नाही, पण नवा पॉड बनवायला गेलं की 'फेल्ड कॉलिंग वेबहुक'. फेल्युअर पॉलिसी (वेबहुक गप्प असेल तर काय करायचं ते सेटिंग) 'फेल' असल्यावर असंच होणार. मेलेल्या नोडवरचे (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन) पॉड दुसरीकडे हलवायला कुबरनेटीस डिफॉल्टने पाच मिनिटं थांबतं, तोवर दार बंद. कायव्हर्नोचा स्वतःचा नेमस्पेस डिफॉल्टने वगळलेला असतो, नाहीतर तोही परत उठला नसता. 'इग्नोर' केलं तर दार उघडं राहतं, म्हणजे पॉलिसीला अर्थ काय? तीन रेप्लिका (त्याच पॉडच्या प्रती) ठेवणं हा सरळ मार्ग, पण 8 जीबीच्या डब्यांवर ते अंगावर येतं.

म्हणून नकार देणारे साधे नियम कुबरनेटीसच्याच व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसीत हलवले. ही 1.30 मध्ये, म्हणजे 2024 ला, पक्की झाली. नियम सीईएल या छोट्या भाषेच्या एका ओळीत आणि तपासणी एपीआय सर्व्हरच्या आतच, वेगळा पॉड पडायचा प्रश्नच नाही. दोन गोष्टी सांभाळा. बाइंडिंग (पॉलिसी कुठे लागू ते सांगणारी जोडणी) वेगळं लिहावं लागतं, त्याशिवाय पॉलिसी नुसती शोभेची. आणि नियम फक्त पॉडवर लावला तर डिप्लॉयमेंट (किती पॉड चालवायचे ते सांगणारी वरची नोंद) खुशाल 'क्रिएटेड' म्हणतं, पॉड मात्र येत नाहीत आणि कारण रेप्लिकासेटच्या (डिप्लॉयमेंटसाठी पॉड बनवणारा मधला दुवा) इव्हेंट्समध्ये दडून बसतं. कायव्हर्नो पॉडच्या नियमावरून डिप्लॉयमेंटचा नियम आपोआप बनवतं, इथे तो हाताने लिहायचा.

कायव्हर्नो काढलं नाही. त्याच्याकडे आता एकच काम: नवा नेमस्पेस बनला की त्यात सगळं अडवणारी नेटवर्क पॉलिसी टाकणं. के-थ्री-एसमध्ये ती पाळणारा कंट्रोलर आधीच असतो. डीएनएससाठी (नावावरून पत्ता शोधणं) पोर्ट 53 मोकळं सोडा, नाहीतर सगळी ॲप्स मुकी होतात.

ट्रिव्ही रात्री इमेज ज्ञात सुरक्षा-त्रुटींसाठी स्कॅन करतं; यादी लांबलचक येते, मी फक्त दुरुस्ती उपलब्ध असलेल्या क्रिटिकल बघतो. फाल्कोही (चालू कंटेनरवर नजर ठेवणारं टूल) लावलं. कंटेनरमध्ये शेल उघडला की लगेच लॉगमध्ये ओळ येते. पण ते सांगतं, अडवत नाही. घरच्या क्लस्टरवर रात्री तीनला ती ओळ वाचणार कोण? वरातीमागून घोडं. सध्या बंद ठेवलंय.

राहिलंय ते कोसाइन या टूलने इमेजच्या सह्या तपासणं. त्यासाठी कायव्हर्नो परत दारावर आणावं लागेल, म्हणजे रेप्लिकांचा हिशोब पुन्हा आला. कमी रॅमवर कुणी हे चालवलं असेल तर सेटिंग्ज टाका.