मोगऱ्याचा उपास

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५, पुणे

बुधवारी महाशिवरात्र. त्या दिवशी थंडी 'शिव शिव' करत निघून जाते म्हणतात. यंदा ती आधीच गेलेली दिसते. सकाळी शाल गुंडाळून अंगणात गेले आणि अकराला घाम पुसत आत आले.

देशी बदामाने आठवड्यात निम्मी पानं टाकली आहेत. लाल, तपकिरी, चामड्यासारखी जाड. ती आहेत तशी आळ्यात टाकली तर कुजता कुजत नाहीत, म्हणून फरशीवर पसरून त्यांच्यावरून चपला घालून फेऱ्या मारते. चुरा झाला की शेणकाल्याचं पाणी शिंपडायचं आणि कुंड्यांत, आळ्यांत चार बोटं थर द्यायचा. गेल्या एप्रिलात ज्या कुंड्यांना असं पांघरूण होतं त्यांना एक दिवसाआड पाणी पुरलं. उघड्या होत्या त्या संध्याकाळपर्यंत माना टाकायच्या.

पण आजची खरी बातमी मोगऱ्याची.

मागच्या वर्षी मी त्याचे फार लाड केले. थंडीभर पाणी, महिन्याला खत. झाड हिरवंगार, टवटवीत, आणि फुलं किती, तर देवापुरतीही नाहीत. सासूबाई झोपाळ्यावरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, त्याला खायला-प्यायला सगळं मिळतंय, तो कशाला फुलेल? उपाशी ठेव त्याला." शेतकरी याला ताण देणं म्हणतात. यंदा डिसेंबरच्या मध्यावर मोगऱ्याचं पाणी तोडलं. जानेवारीत पानं पिवळी पडली, काटक्या उघड्या पडल्या. बघवेना. एकदा दुपारी सगळे झोपलेले पाहून मी तांब्याभर पाणी ओतलंच. चहाच्या वेळी आई बाहेर आल्या, कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माती काळी दिसतेय गं."
"नाही हो आई, दहिवर पडलं असेल."
"फक्त मोगऱ्यावर?"
त्यानंतर थेंब दिला नाही.

जानेवारीच्या शेवटी सिकेटरने छाटणी केली. वाळक्या आणि आत शिरणाऱ्या काड्या काढल्या, बाकीच्या निम्म्यावर आणल्या, उरलीसुरली पानं खुडली. खुरप्याने भोवतालची माती हलकीशी उकरून चार दिवस ऊन खाऊ दिली. मग शेणखत, मग पोटभर पाणी. आज बघते तर पोपटी फुटव्यांच्या टोकांना ज्वारीच्या दाण्याहून लहान, टोकदार कळ्या. तीन-तीनचे झुपके. मी मोजायला लागले होते, आईंनी थांबवलं. त्यांच्या मते कळ्या मोजल्या की गळतात. यावर माझा विश्वास नाही, पण मोजणं थांबवलं.

जास्वंदीने मात्र डोकं उठवलंय. ऊन वाढलं की हमखास पिठ्या ढेकूण येतो. शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखा, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्यामुळे नुसता ढेकूण मारून भागत नाही. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधले, बाकी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासले. संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबण कालवून फवारलं. भर उन्हात फवारलं की पानं भाजतात, हे एकदा स्वतःच्या हाताने करून झालंय.

आंब्यावर फवारायचा मोह आवरला. तुडतुडे आहेत, मोहोराखालून गेलं की चेहऱ्यावर टकटक आपटतात. पण मोहोर पूर्ण उमललाय, त्यावर माश्या-मधमाश्या काम करताहेत. आता फवारलं तर त्याच मरायच्या. खाली मोहोराचा सडा पडतो त्याचंही फार मनावर घेत नाही. एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात आणि टिकतो एखाददुसरा आंबा.

शेवंती बुडापासून चार बोटांवर कापली. फुटवे अजून वेगळे केले नाहीत. कढीपत्त्याची छाटणी राहिली.

झाडणाऱ्या मावशी कोपऱ्यावर पानांचा ढीग पेटवतात, त्यावरून गेल्या रविवारी जरा बोलाचाली झाली होती. मी धुराचं सांगत होते, त्या म्हणाल्या, "ताई, उचलून न्यायला गाडी येत नाही, मग ढीग डोक्यावर घेऊ का?" बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, पोती मी देते, भरून माझ्या फाटकाशी ठेवा. आज दुपारी दोन पोती आली. वरची पानं कडुनिंबाची, बारीक, छान. खाली बिस्किटांचे कागद, खराट्याचे हीर आणि लहान मुलाची डाव्या पायाची निळी चप्पल. चप्पल फाटकाच्या गजाला अडकवून ठेवलीय. अजून कुणी विचारायला आलेलं नाही.