फिशटँकचा ओव्हरफ्लो आणि ‘एक इंची’ व्हॉल

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारा, एक इंची पाइप किती जाडीचा असतो? "एक इंच म्हणजे एक इंच, साहेब." मला गुहागरात हे उत्तर मिळालं, चिपळुणात मिळालं, आणि त्यापायी माझी चार फुटी टाकी जवळजवळ सबंध पावसाळा हॉलमध्ये कोरडी उभी होती. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मासे कुठायत?"

टाकी चार बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण २५५ लिटर. पाणी मागच्या कप्प्यातून खालच्या टाकीत उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते वर चढवणार. भोकं चिपळूणच्या काचवाल्याने पाडून दिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तळाची काच टफन असेल तर मात्र ड्रिल लावू देऊ नका, एका क्षणात तिचा भुगा होतो.

आता आवाजाचं. एकाच उघड्या पाइपातून पाणी सोडलं की त्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि रात्रभर गुडगुड चालते. पाइप तोंडापासून शेवटपर्यंत पाण्याने गच्च भरून वाहिला, तर हवाच नाही, मग आवाजही नाही. हर्बी पद्धत ती हीच. दोन पाइप. एक गच्च भरून वाहतो, तो तसाच भरलेला राहावा म्हणून पाणी आवरायला त्याच्या खालच्या टोकाजवळ व्हॉल. दुसरा थोडा उंच, कोरडा, पहिला तुंबलाच तर पाणी घ्यायला. या दुसऱ्यावर व्हॉल बसवायचा नाही म्हणजे नाही. आमच्या प्लंबरने "दोन्हीला टाकूया, सेफ्टी राहील" म्हणून फार आग्रह धरला होता. तीन पाइपांची बीनॲनिमल पद्धत याहून सुरक्षित, पण माझ्या कप्प्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

आणि हा व्हॉल गेट व्हॉलच हवा. बॉल व्हॉल पाव फेऱ्यात उघडतो आणि पाव फेऱ्यात बंद होतो. मूठ केसभर हलली तरी वर पाण्याची पातळी बोटभर सरकते. गेट व्हॉलचं चाक फिरवत फिरवत पाणी अगदी हवं तिथे आणून थांबवता येतं. दुकानात गेट व्हॉल होते, पण सगळे पितळी. पितळेत तांबं असतं आणि मला कोळंब्या पाळायच्या होत्या. तांब्याने त्या मरतात. म्हणून प्लास्टिकचा सांगितला. "मागवतो, दोन दिवसात येईल." ते दोन दिवस कोकणातले. घाटात दरड, गाडी आली नाही, आली तर पार्सल दुसऱ्याच दुकानात उतरलं, मग गणपती. फोन केला की "निघालाय."

शेवटी व्हॉल आला आणि पाइप त्यात जाईना.

तोवर वरून खाली पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पाइप लावून झाला होता. एक इंची यूपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर. आलेल्या व्हॉलवर लिहिलेलं ३२. दुकानदार म्हणाला, "बत्तीस म्हणजेच एक इंच." त्याच्याकडचा एक इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा पाइप, काढून मोजला, तर तो २८.६! एका काउंटरवर तीन जाडीचे ‘एक इंच’ आणि तिन्हींची पावती एकाच नावाने. व्हॉल परत घेणार का? "स्पेशल ऑर्डर आहे, परत होत नाही." प्लंबरचा तोडगा तयारच होता, "वायंच घासला की बसंल." दीड मिलिमीटर घासून बसवलेल्या सांध्यावर हॉलमधलं अडीचशे लिटर पाणी सोपवायचं? मी नाही म्हटलं. मग म्हणे तापवून फुगवू. त्यालाही नाही म्हटलं. यावर तो जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? ३२ मिलिमीटरचा पाइप त्याच दुकानाच्या दाराशी ढिगाने पडलेला होता. शेतीचा करडा पाइप, ज्यावर आयएस ४९८५ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. गुहागरातल्या प्रत्येक नारळ-सुपारीच्या वाडीत शिंपणं त्यानेच होतं. दुकानदार तो रोज विकतो, पण हा व्हॉल त्याच पाइपाचा आहे हे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी पांढरा पाइप काढला, करडा आणला आणि टाकीच्या टँक निप्पलला, म्हणजे भोकात बसवलेल्या आट्यांच्या जोडाला, ३२ चा एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला जोड, लावला. आटे एक इंचीच, ते दोन्हीकडे जुळतात. काम एका दुपारात झालं, तेही माझ्या हाताने. प्लंबर भेटला तर त्याला आवर्जून दाखवणार आहे.

व्हॉलच्या वर युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारा सांधा, घाला, नाहीतर साफ करताना पाइप कापावा लागेल. भरून वाहणाऱ्या पाइपाचं टोक खालच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि प्रवाह धरत नाही. कोरड्या पाइपाचं टोक मात्र पाण्याच्या वरच ठेवायचं, म्हणजे तो वाहू लागला की धबधब ऐकू येते आणि पहिला तुंबल्याचं कळतं. त्यातून पाण्याची अगदी बारीक धार सतत जाऊ दिली तर चालते. तिचा आवाज होत नाही आणि पातळीही स्थिर राहते. कप्प्याच्या तोंडाला जाळी लावायची राहिली असेल तर लावा, पाइप तुंबायला एक गोगलगाय पुरते.

आणि लाइट. आमच्याकडे लाइनवर फांदी पडली की लाइट गेलीच. पंप थांबला की वर चढवणाऱ्या पाइपातून पाणी उलटं खाली येतं, त्याचं तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे चौदा लिटर. म्हणून ते तोंड पृष्ठभागालगत ठेवलंय आणि खालच्या टाकीत तेवढी जागा कायम रिकामी असते. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉलवर विसंबू नका, त्यात कचरा अडकतोच. टाकी भरल्यावर स्वतः बटण बंद करून खालचं पाणी कुठवर चढतं ते बघा, तिथे पेनाने खूण करा, मग बटण पुन्हा चालू करा. पहिली काही मिनिटं खळखळेल, घाबरून व्हॉलला हात लावू नका. हवा निघाली की पाइप आपोआप गप्प होतो.