‘आय-फाइव्ह हाय’ एवढ्यावर मशीन घेऊ नका

गारगोटीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायला पंधरवड्यात तीन खेपा झाल्या, त्यातली एकच सुखाची. तेव्हा खाली चिडचिड दिसली तर समजून घ्या.

आमचं ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान, मागं तीन टेबलांचं ऑफिस. हिशेबाची टॅली, मेल, जीएसटीची रिटर्न, संपलं काम. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि जुन्या मशीनवर इलेव्हन चढेना. आमचे सीए फोन उचलला की आधी तेच विचारायचे. शेवटी दिवाळी उरकली आणि मी अन् धाकटा भाऊ निघालो. रॅम म्हणजे काय, एसएसडी म्हणजे काय हे इथं सांगत बसत नाही. माहीत नसेल तर जाणकार माणूस सोबत न्या, त्याच्या मिसळीचे पैसे वसूल होतात.

राजारामपुरी आणि शाहूपुरी पायी पालथी घातली, चार कोटेशनं घेतली. तीन ठिकाणी बाराव्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, आय-थ्री प्रोसेसर सांगितला. चौथ्या ठिकाणी चक्क त्याच्या वरचा आय-फाइव्ह, तोही मशीनमागं दीड हजारानं कमी. “पाव्हणं, आय-थ्री कशाला घेताय? आय-फाइव्ह हाय, डोळं झाकून घ्या.” आम्ही खरोखरच डोळे झाकले. मॉनिटर सोडून एकवीस हजार एकाचे, अशी तीन. कॅबिनेट चकचकीत, आत निळे दिवे लावलेले. ऑफिसात दिवे कशाला, हा प्रश्न तिथंच पडायला हवा होता.

परतीचा पाऊस रेंगाळलेला. रिक्षा परीख पुलाजवळ आली आणि रेल्वे पुलाखालच्या रस्त्यावर पाणी. रिक्षावाल्यानं गाडी वळवली, सगळा वळसा घेऊन सीबीएस, म्हणजे एसटी स्टँड गाठलं, मांडीवर तीन खोकी आणि वर प्लॅस्टिकचा कागद. पावसाळी हवा असेल तर माल त्याच दिवशी उचलू नका, दुकानात ठेवून या.

घरी आल्यावर भावानं कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये पाहिलं. आय-फाइव्ह-४५७०. हा २०१३ सालचा प्रोसेसर, चौथ्या जनरेशनचा! विंडोज इलेव्हनला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या मशीनवर इलेव्हन चाललं होतं, कारण तपासणी चुकवून ते बसवलेलं. असं बसवलेलं विंडोज चालतं, पण पुढचा मोठा अपडेट कधी अडेल याची खात्री नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी कोल्हापूर गाठलं, तेच नव्या खोक्यात घालून घरी आणलं.

यातली मेख नीट समजून घ्या. मदरबोर्ड नवाच होता, सीलबंद खोक्यातला, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. चौथ्या जनरेशनला चालणारे, एच-८१ चिपसेटचे असे बोर्ड अजून नवे बनून येतात. त्यावर बसवलेला प्रोसेसर मात्र कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेला. त्यामुळे “सगळं नवीन हाय” हे वाक्य अर्धं खरं ठरतं आणि दुकानदार त्या अर्ध्यावरच उभा राहतो. कोटेशनवर फक्त ‘कोअर आय-५’ लिहिलेलं. जनरेशन नाही, मॉडेल नंबर नाही.

म्हणून पूर्ण नंबर लिहून मागा. चार आकडी असेल तर पहिला आकडा जनरेशनचा, पाच आकडी असेल तर पहिले दोन: १२१०० म्हणजे बारावी. रॅम डीडीआर-३, म्हणजे जुन्या प्रकारची, लिहिली असेल तर पुढचं वाचूच नका, दुकान बदला. टॅलीला बारावीचा आय-थ्री भरपूर झाला, जुन्या आय-फाइव्हला तो सहज मागं टाकतो.

दुसरी खेप भांडणाची. “तुम्ही जनरेशन विचारलंच न्हाई की.” खरं होतं, आणि त्याचाच राग जास्त आला. हातात पक्कं बिलही नव्हतं, ‘एस्टिमेट’ छापलेला गुलाबी कागद. बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून आम्हीच हुरळलो होतो. एकवीस हजारांवर तो कर ३,७८० रुपये. पण आमच्यासारख्या जीएसटी नंबरवाल्याला तो पुढं भरायच्या करातून वजा होऊन (इनपुट क्रेडिट) परत मिळतो, मग वाचलं काय? वाचलं काहीच नाही, उलट वॉरंटी मागायला कागद उरला नाही. पक्क्या बिलावर आपला नंबर आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर घ्या. दोन तास घालून, शेजारचे दोघं मध्ये पडल्यावर, त्यानं दोन मशीन परत घेतली, सहा हजार कापून.

तिसऱ्या खेपेला दुसऱ्या दुकानातून आय-थ्री घेतले. सरळ माणूस, सरळ बिल, तासाभरात मोकळे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एक, रॅमचे दर सध्या इतके चढताहेत की कोटेशन त्या दिवसापुरतंच धरायचं. विचार करायला गावी आलात तर पुन्हा नव्यानं घासाघीस.

किरकोळ दोन गोष्टी. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची लॅनची वायर मीटरवर घेताना ब्लेडनं तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, तांब्याच्या भावानं घेऊ नका. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो, प्रिंटर तापताना त्याहून जास्त मागतो. आमच्या पोऱ्यानं पहिल्याच दिवशी लावला, यूपीएसनं शिट्टी मारली आणि टॅलीसकट सगळं बंद. नव्या प्रिंटरसोबत येतो तो टोनरही बऱ्याचदा पुरता भरलेला नसतो, दुसऱ्या टोनरची किंमत आधीच विचारून ठेवा.

न परतलेलं तिसरं मशीन आता गोडाउनचा सीसीटीव्ही दाखवतं. निळे दिवे भावानं काढून टाकले.