तुम्ही विचारलंत म्हणून: "बघवतो का हो तो सिनेमा?"

'सोसायटी ऑफ द स्नो'बद्दल मी कुठेही काही बोलले की हा प्रश्न येतोच. म्हणजे तोच ना, विमान पडलेलं आणि पोरांनी मेलेल्यांचं मांस खाल्लेलं, बघवतो का हो तो? तर हो, बघवतो. आणि बघाच. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही, कारण बघितलेल्या लोकांची मतं ऐकली की मला वाटतं अर्धे लोक वेगळाच सिनेमा बघून आलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओची ओल्ड ख्रिश्चन्स ही रग्बी टीम मॅच खेळायला चिलीला सँटियागोला निघालेली, सोबत मित्र, काहींच्या घरची माणसं, उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान, क्रू धरून ४५ जण. हवा खराब म्हणून एक रात्र अर्जेंटिनातल्या मेंडोझाला थांबले आणि १३ ऑक्टोबर १९७२ ला पुढे निघाले. अँडीज पर्वत सरळ न ओलांडता दक्षिणेकडून वळसा घालून खिंडीतून पलीकडे जायचं आणि चिलीतलं कुरिको गाव आलं की उत्तरेला वळायचं असा रस्ता होता. खाली सगळे ढग, काही दिसत नाही, को-पायलटला वाटलं कुरिको आलं, त्याने विमान वळवलं आणि उंची कमी करायला घेतली, प्रत्यक्षात ते अजून डोंगरांच्या मधोमध होते. पंख गेले, शेपटीकडचा भाग गेला, उरलेला मधला सांगाडा बर्फावरून घसरत खाली येऊन थांबला, साधारण साडेतीन हजार मीटरवर. ७२ दिवसांनी १६ जण परत आले.

आता मतांकडे येते.

आमच्या ट्रेकिंगवाल्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं, मदत शोधायला निघाली तेव्हा पोरं चुकली, पूर्वेला उतरायचं सोडून पश्चिमेची भिंत चढत बसली. नकाशा समोर घेऊन बघितलं तर बरोबर आहे, पूर्वेला वीसेक किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. पण त्यांच्याकडे होतं काय, तर मरता मरता को-पायलट सांगत राहिला की कुरिको मागे गेलं, म्हणजे आपण चिलीच्या बाजूला आहोत, म्हणजे हा एवढा डोंगर ओलांडला की हिरवळ आणि गावं. होते ते अर्जेंटिनात. नांदो पर्राडो, रोबेर्तो कानेसा आणि अंतोनियो विसिंतीन हे तिघं १२ डिसेंबरला निघाले, तीन दिवस चढून माथा गाठला तर पलीकडे नुसतेच डोंगर, नजर पोचेल तिथपर्यंत. मग खाणं पुरावं म्हणून विसिंतीनला परत पाठवलं आणि हे दोघं पुढे चालत राहिले, दहाव्या दिवसापर्यंत, सेर्खियो कातालान नावाचा चिलीयन गुराखी नदीपलीकडे भेटेपर्यंत. ना बूट धड, ना दोर, ना गिर्यारोहणाचा गंध. विमानाच्या शेपटीतलं इन्सुलेशन शिवून केलेली एक स्लीपिंग बॅग. त्यांच्या निर्णयाला चूक म्हणताना मला तरी जीभ रेटत नाही.

बऱ्याच जणांचं म्हणणं पडतं की हा चालण्याचा भाग सिनेमात घाईत उरकलाय, याच घटनेवरचा १९९३ चा 'अलाइव्ह' बरा होता, त्यात हीरो कोण ते कळतं. मी तोही बघितलाय. इंग्रजी बोलणारे उरुग्वेयन, इथन हॉकसारखा हॉलिवूडचा नट, आणि मेलेल्यांपैकी काहींची नावं बदललेली. थरार आहे त्यात, नाही असं नाही. पण बायोना या दिग्दर्शकाने जे केलंय ते मुळातच वेगळं आहे. त्याने गोष्ट सांगायला नुमा तुर्काती निवडला. नुमा २४ वर्षांचा, क्लबचा खेळाडूपण नव्हता, मित्रांच्या आग्रहाने आलेला, आणि तो ११ डिसेंबरला वारला, म्हणजे हे तिघं निघाले त्याच्या आदल्या दिवशी. सिनेमा संपायला बराच वेळ असताना तो जातो आणि तरी आवाज त्याचाच चालू राहतो. मला यानेच धरून ठेवलं. जिवंत परत आलेल्यांच्या मुलाखती आपण पन्नास वर्षं ऐकतोय, पण बाकीच्या २९ जणांचं काय? इथे प्रत्येक जण गेला की पडद्यावर त्याचं नाव आणि वय येतं, खरं नाव. कोणी म्हणतं त्याने सिनेमा स्लो होतो, सगळे दाढीवाले सारखेच दिसतात, नावं लक्षात राहत नाहीत. नसतील राहत. पण ज्या घरात ते नाव पन्नास वर्षं राहिलं त्या घरासाठी ते तिथे लिहिलेलं असणं किती मोठं असेल याचा विचार करा.

आणि आता खाण्याचं. सगळे त्यासाठीच विचारतात ना. विमानात थोडी चॉकलेटं, जरासा जॅम, थोडी वाइन, एवढंच होतं. बर्फात उगवत काही नाही, त्यांनी बॅगांचं चामडंसुद्धा चावून बघितलं. शोध थांबवल्याची बातमी त्यांनी स्वतः ट्रान्झिस्टरवर ऐकली. कानेसा १९ वर्षांचा, मेडिकलचा विद्यार्थी, त्याने शरीर आतून कसं संपत जातं ते सांगितलं, आणि त्या सांगाड्यात बसून तासन्‌तास चर्चा झाली, पाप आहे का, देव काय म्हणेल, त्यांची परवानगी कुठे आहे. आणि मग एकेकाने सांगितलं की मी मेलो तर माझं शरीर वापरा. इथे मी दर वेळी थांबते. लोक सिनेमा बघून एकमेकांना विचारतात, तू खाल्लं असतंस का? मला तो प्रश्नच अर्धा वाटतो. तू दिलं असतंस का, हे कोणीच विचारत नाही. विशीतली पोरं, समोर मित्र बसलेत, आणि त्यांना सांगायचं की मी गेलो तर माझ्यावर जगा. आमच्या एका काकांनी देहदानाचा फॉर्म भरलेला, ते गेल्यावर मेडिकल कॉलेजची गाडी आली तेव्हा घरात केवढी कुजबुज झाली होती, अग्नी नाही दिला, गती कशी मिळणार वगैरे. आणि ते तर ऐंशीच्या घरातले, सगळं करून-सवरून गेलेले. त्या पोरांचं देणं मला त्याच ओळीतलं वाटतं, फक्त फार फार अवघड परिस्थितीतलं.

परत आल्यावर पेपरवाल्यांनी मांसाचे मथळे केलेच. मग मोंटेव्हिडिओला त्यांच्या शाळेत पत्रकार परिषद झाली आणि तिथे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. त्यातले बहुतेक जण कारास्को या एकाच भागातले, त्यामुळे वाचलेले आणि गेलेल्यांचे आईवडील यापुढे एकाच गल्ल्यांत राहणार होते, रोज समोरासमोर येणार होते, आणि तरी ते एकमेकांना धरून राहिले. याच्यावर अख्खा वेगळा सिनेमा निघेल असं मला वाटतं.

माझी मावशी घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही. ती माझ्याबरोबर बसून पूर्ण सिनेमा बघून गेली. मी मध्ये विचारलं बंद करू का, तर म्हणाली, "अगं राहू दे, मी त्यांच्या आयांचा विचार करतेय." मी वाचलेल्या-ऐकलेल्या सगळ्या मतांत मला हे सगळ्यात जवळचं वाटलं.

खाण्याचं चित्रण खरंच फार संयमाने केलंय, किळस वाटेल असं जवळून दाखवलेलं काही नाही. अंगावर येतं ते विमान पडतानाचं, हाडं मोडल्याचे आवाज आहेत, ज्यांना त्रास होतो त्यांनी तेवढी दोन-तीन मिनिटं नजर काढली तरी चालेल. दुसरं म्हणजे हिमस्खलन. २९ ऑक्टोबरच्या रात्री झोपेतच विमानात बर्फ भरला, २७ पैकी आठ जण गेले, आणि उरलेले तीन दिवस त्या बर्फाखालच्या पोकळीत अडकून होते. बंद जागेची भीती असलेल्यांना ते जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

बाकी बघायचा तर स्पॅनिशमध्येच बघा, सबटायटल लावून, त्या पोरांचं एकमेकांवर ओरडणं त्याच भाषेत ऐकायला हवं. जवळपास अडीच तासांचा आहे, म्हणून रात्री जेवणं उरकून अकराला सुरू करू नका, झोप येणार नाही नंतर. मुलं लहान असतील तर नको, कॉलेजात असतील तर बरोबर घेऊन बसा. आणि नावं येतात तेव्हा फोनकडे बघू नका, ती चार-पाच सेकंदंच असतात.